सक्रे, गोळी घेतली का?

हाकमावशीच्या घरात भिंतीवर घड्याळ होतं, पण ते गावाच्या उपयोगाचं नव्हतं. गाव तिच्या हाकेवर उठायचं. दिवाळी मागे पडली, पहाटे पांघरूण सोडवेनासं झालं आणि कापूस वेचणीला आला, की ती विहाराच्या कोपऱ्यावर येऊन उभी राहायची, डावा हात कानाला लावायची आणि एकच लांब हाक मारायची. "चाला वोऽऽ" एवढंच. कुणाचं नाव घेणं नाही, दार वाजवणं नाही. गल्ल्यांमधून बाया निघायला लागायच्या. कुणाचा डबा अजून उघडा, कुणाची वेणी अर्धी. हाक तशीच पुढे नाल्यापलीकडच्या बंजाऱ्यांच्या तांड्यापर्यंत जायची आणि तिकडूनही चारदोन बाया घाईघाईनं नाला उतरायच्या. पांढरकवड्याहून आमच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावर ट्रकांचा आवाज रात्रंदिवस असतो, पण ही हाक त्याच्याही वरून यायची.

ती माझ्या आईची धाकटी बहीण. कापूस वेचणाऱ्या बायांची ती मुकादमीण होती. कुणाच्या शेतात कधी जायचं, किती बाया न्यायच्या, काय भावानं वेचायचं, हे सगळं तीच ठरवायची. शेतवाले तिच्या ओट्यावर येऊन बसायचे आणि चहा पिऊन, मान हलवून जायचे. तिच्याशी घासाघीस करण्यात अर्थ नाही हे त्यांना ठाऊक होतं. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं आणि ते काही कौतुकानं येत नसे. कापसावर अळी, कापसाला भाव नाही, त्यामुळे शहरांतून माणसं कॅमेरे घेऊन शेताशेतांत फिरायची. एकदा अशीच एक गाडी बांधावर थांबली आणि आतली माणसं मावशीला म्हणाली, मावशी, जरा वेचत राहा, आम्ही फोटो काढतो. मावशी म्हणाली, "मी तं वेचूनच राह्यली बाप्पा. तुमी काढा फोटो. अन् झाले की दोन ओळी तुमी बी वेचू लागा." ती माणसं हसली. मावशी हसली नव्हती.

तिचा एक कायदा होता, की शेतात एकटीनं खायचं नाही. दुपारी बाभळीखाली डबे उघडले, की जिच्याकडे नाही तिच्यापुढे जिच्याकडे आहे तिनं अर्धी भाकर मोडून ठेवायची. विचारायचं नाही, आभार मानायचे नाहीत. एकदा नव्यानं आलेली एक सून सगळ्यांकडे पाठ करून खायला बसली. तिच्या डब्यात बहुधा नुसतीच भाकर असावी आणि ती दिसू नये असं तिला वाटत असावं. मावशी उठली, तिच्या समोर जाऊन बसली, स्वतःच्या डब्यातला ठेचा तिच्या भाकरीवर टाकला, तिच्या भाकरीचा अर्धा तुकडा मोडून घेतला आणि मेथीच्या भाजीबद्दल बोलत राहिली. त्या सुनेनं पुन्हा कधी पाठ केली नाही. हा कायदा पुढे एवढा अंगाशी येईल असं तेव्हा कुणाला वाटणार?

गाठ तिला ओटी बांधतानाच लागली. वेचलेला कापूस टाकायला कमरेला आणि खांद्यावरून जे फडकं बांधतात, त्याची गाठ ओढताना हाताला उजव्या छातीत काहीतरी घट्ट लागलं. दुखत नव्हतं, म्हणून तिनं ते ठेवून दिलं. सीझन होऊ दे म्हणाली. सीझन झाला तेव्हा गाठ लिंबाएवढी झाली होती. तिचा मुलगा हैदराबादच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा, घरी क्वचित असायचा, सुनेच्या कडेवर तान्हं. मी पांढरकवड्याच्या शाळेत शिकवत होते आणि मला नागपूरची वाट माहीत होती. म्हणून मावशीबरोबर जाण्याचं काम माझ्याकडे आलं आणि माझ्याकडेच राहिलं.

ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, किरणांचे शेक झाले. हे तीन शब्दांत लिहिता येतं, काढायला वर्ष गेलं. केस गेले तेव्हा तिनं नुसता पदर पुढे ओढला. उलट्या झाल्या तेव्हा सुनेला म्हणाली, लेकराच्या वक्ताले तुले बी अशाच झाल्या असतीन. पण हाक गेली तेव्हा मात्र ती गप्प झाली. घसा बसला, तो औषधं संपली तरी उठला नाही. एका सकाळी मी तिथं असताना ती कोपऱ्यावर गेली, कानाला हात लावला आणि जो आवाज निघाला तो शेजारच्या ओसरीपर्यंतसुद्धा गेला नाही. ती परत येऊन बाजेवर बसली. मी चहा करू का विचारलं. नको म्हणाली.

वेचणीचंही संपलंच होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, उजव्या काखेतल्या गाठी काढल्यात, त्या हाताला जखम होऊ द्यायची नाही, ओझं उचलायचं नाही. कापसाचं वाळलं बोंड काय असतं हे ज्यानं वेचलंय त्याला सांगायला नको. त्याची टोकं बोटांत शिरतातच. हात तरीही सुजला, बांगडी चढेना. ब्लाउजच्या रिकाम्या बाजूत तिनं आधी कापूसच भरून पाहिला. तो हलका, चालताना वर सरकून गळ्याशी यायचा. मग तिनं कापडाची पिशवी शिवली आणि तिच्यात ज्वारी भरली. वजन बरोबर झालं. पण पावसाळ्यात ज्वारीला सोंडे लागले आणि विहारात वंदनेला बसलेली असताना एक किडा तिच्या गळ्यापाशी निघाला. घरी येऊन तिनं पिशवी उसवली, ज्वारी कोंबड्यांना टाकली आणि तिच्यात सरकी भरली. "कापसाले वजन नाही, त्याच्या बियाले आहे," म्हणाली. हे सांगताना ती थोडीशी हसली होती. त्या वर्षातलं तिचं हसणं मला एवढंच आठवतं.

शेक संपल्यानंतरच्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून नीट सांगितलं. तरुण बाई होत्या, डोळ्यांखाली काळं आलेलं, पण आवाज चढवत नसत. म्हणाल्या, मावशी, काही बायांच्या गाठीला शरीरातल्या हार्मोनचं खाद्य लागतं. त्यांना आम्ही पुढे पाच वर्षं रोजची गोळी देतो, ती गोळी ते खाद्य तोडते. तुमच्या गाठीला ते खाद्य लागतच नव्हतं, म्हणून तुम्हाला त्या गोळीचा काही उपयोग नाही. आता औषध नाही. तपासायला येत राहायचं. पहिली तीन वर्षं जास्त जपायची. मावशीनं सगळं ऐकलं. मग म्हणाली, "म्हंजे बिनाखताचं तण आहे माह्यावालं." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो, तसंच. मावशीनं विचारलं, "अन् मले काहीच नाही?" बाईंनी मान हलवली. बाहेर आल्यावर मावशी दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि औषधाच्या खिडकीपुढची रांग बघत राहिली.

गावात ही बातमी गेली ती वेगळीच होऊन. आमच्याकडे डॉक्टरनं औषध बंद केलं याचा अर्थ एकच असतो, की आता घरी न्या, आवडीचं खाऊ घाला. मी जीव तोडून सांगितलं की तसं नाही, उपचार पूर्ण झालेत, या जातीच्या आजाराला पुढची गोळीच नसते. लोक ऐकून घ्यायचे आणि माझ्याकडे दयेनं बघायचे, पोरीला सांगवत नाही बिचारीला. मग भेटायला येणं सुरू झालं. मुकुटबनहून तिची नणंद आली, दोन दिवस राहून रडून गेली. गावातल्या बाया संध्याकाळी येऊन बाजेशेजारी बसायच्या, जाताना तिच्या पायाला हात लावायच्या. कुणी पुरणपोळी आणली, कुणी शिरा, कुणी गुळाचे लाडू. मावशीला गोड कधीच आवडलं नव्हतं. सून ते ताटात वाढायला लागली की ती म्हणायची, "मरतीवेळी माणसाले गोडच काहून चारतात वो? मले सुकटीची चटणी पाह्यजे." आलेल्या बाया डोळ्याला पदर लावायच्या.

आणि ती मरेना. महिने गेले, येणारे जाणारे झाले, आणि ती बाजेवरच. बाया वेचणीला देवका नावाच्या दुसरीच्या मागे जायला लागल्या. त्यांना मावशीला त्रास द्यायचा नव्हता, म्हणजे चांगल्या मनानंच त्यांनी तिला बाजूला ठेवलं. रस्त्यात भेटली तर दचकायच्या. एकदा मी डोक्याला तेल लावून देत होते, नवे केस आले होते, मऊ आणि कुरळे, तिचे नव्हतेच जणू. ती म्हणाली, "नंदे, मले लाज वाटून राह्यली."

मी विचारलं, कशाची?

"मेली नाही नं मी. बंदे लोकं येऊन भेटून गेले. रडले. आता त्याइच्या तोंडापुढं कशी फिरू?"

मी तिला रागे भरले. पण तिला कुणाचा राग नव्हता. ती फार थकली होती. हा थकवा झोपून जाणारा नव्हता. सकाळी उठली तरी रात्रभर निंदण केल्यासारखी उठायची. अंगण झाडताना मध्येच खराट्यावर टेकून उभी राहायची. कुणी म्हणालं, आता बरं आहे ना, की ती म्हणायची, "बरी म्हणावं तं उठवत नाही, बिमार म्हणावं तं दवाई नाही." कंबर दुखली तर आजार हाडात गेला असं वाटायचं, खोकला आला तर छातीत. ज्यांना गोळी असते त्यांना निदान रोज एकदा काहीतरी केल्याचं समाधान असतं. हिला नुसती वाट बघायची होती, आणि कशाची ते उघडपणे म्हणायचं नव्हतं. कॅमेरेवाले तेव्हाही गावात येत होते. तिच्या ओट्यापुढून जात होते. एकदा ती त्यांच्या पाठीकडे बघून म्हणाली, "माह्यावालं मरण पेपरात येत नाही." चीड नव्हती त्यात. हवेबद्दल बोलावं तसं बोलली.

या सगळ्यात तिला एक माणूस होतं, ते तांड्यावरचं. सक्रीबाई. पूर्वी मावशीच्याच टोळीत वेचायला यायची, वेचताना बंजाऱ्यांच्या गोरबोलीत स्वतःशीच पुटपुटणारी, काटकुळी बाई. मावशीची सलाइनं चालू होती तेव्हा ही एक दिवस नाल्यावर धुणं धूत असलेल्या मावशीच्या सुनेला शोधत आली आणि मग थेट घरी येऊन मावशीच्या पुढ्यात बसली. बसली ती उठेचना. शेवटी मावशीनं सुनेला बाहेर पाठवलं आणि सक्रीनं आपली काचोळी सैल करून मावशीचा हात धरून गाठीवर ठेवला. तिच्या घरात कुणाला माहीत नव्हतं. मावशी एवढंच म्हणाली, उद्या आमच्या संगं चाल. अशी ती आमच्याबरोबर बसमध्ये आली, आणि पुढची वर्षं मी एकीच्या ऐवजी दोघींना नेत राहिले. सक्रीची गाठ लहान होती, लवकर सापडली होती. शिवाय ती खाद्य लागणाऱ्या जातीची निघाली. तिला गोळी होती. बारीक, पांढरी, रोज एक, पाच वर्षं.

सक्री मावशीला बाई म्हणायची. त्यांच्यात बहिणीला बाई म्हणतात. ती संध्याकाळी नाला ओलांडून यायची, सुपारी कातरत बसायची, दोघी फारसं बोलायच्या नाहीत. मला बरं वाटायचं. ती निघाली की मावशीचा चेहरा जरा सुटलेला असायचा. म्हटलं, सोबतीनं होत असेल.

त्यानंतरच्या तपासणीला आम्ही गेलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सक्रीला नव्या गोळ्या लिहून द्यायला कागद ओढला. सक्री म्हणाली, नको, घरी आहेत. बाईंनी विचारलं, संपल्या असतील ना आतापर्यंत? सक्रीनं मावशीकडे पाहिलं आणि मग सरळ, जरा ऐटीतच सांगितलं, "आर्धी मी खातो, आर्धी बाईला देतो. तिला कोणी दिली नाही नं." ती अडकित्त्यानं गोळी कातरायची. त्याच अडकित्त्यानं, जो मी दर वेळी बघत होते.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. कधीपासून, विचारलं. पोळ्यापासून, सक्री म्हणाली. म्हणजे बैलांचा सण होऊन पुढे होळीही होऊन गेली होती. बाई मावशीकडे वळल्या आणि म्हणाल्या, मावशी, तुमच्या पोटात जी अर्धी गेली तिनं तुमचं काही भलं झालं नाही. आणि हिच्या पोटात जी अर्धी गेली नाही, ती हिला लागत होती. मावशीनं विचारलं, हिला आता काय होईल? बाई म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही. कदाचित काहीच नाही. यापुढे एकही चुकू देऊ नका.

परतीच्या बसमध्ये सक्री खिडकीशी झोपली. तिला फारसं काही वाटलं नव्हतं. भाकर मोडून दिली, ती चुकीच्या पानात पडली, एवढंच. मावशी मात्र ताठ बसून होती. हिंगणघाट गेलं, वडनेर गेलं. वडकीच्या पुढे आल्यावर ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मले माहीत होतं नंदे, मले ते गोळी चालत नाही. डॉक्टरीण बाईनं सांगितलतं. तरी खाल्ली."

मी म्हटलं, कायले खाल्ली मग?

"कोणी दिली तं. इतके दिवस जो येते थो लाडू घेऊन येते. ते एकटी दवाई घेऊन आली." मग म्हणाली, "म्याच शिकवलं तिले, एकटीनं खायचं नाही म्हणून. अन् तिच्या तोंडचा घास म्याच खाल्ला."

दुसऱ्या दिवसापासून तिनं आपलं औषध ठरवलं. रोज दिवेलागणीला ती हळूहळू नाल्याच्या काठापर्यंत जायची, डावा हात कानाला लावायची आणि तांड्याच्या दिशेनं हाक मारायची, "सक्रे, गोळी घेतली का वोऽऽ?" पहिले काही दिवस आवाज अर्ध्या नाल्यातच पडायचा. मग कुणीतरी पोर पळत जाऊन सक्रीला सांगायचं. सक्री काठावर येऊन ओरडायची, "घेतली बाई, घेतली!" मावशीचा तेवढ्यावर विश्वास नव्हता. ती खूण करायची, आणि सक्री पलीकडच्या काठावरून तोंड उघडून, जीभ बाहेर काढून दाखवायची. एवढ्या लांबून काय दिसणार होतं. पण मावशीला दिसायचं.

रोजच्या हाकेनं घसा हळूहळू सुटला. पहिल्यासारखा नाही, जरा फाटका, पण पलीकडे पोचणारा. गावाला ऐकू येऊ लागला. ज्यांनी तिच्या पायाला हात लावून निरोप घेतला होता त्या बाया चुलीपुढे बसल्या बसल्या ऐकायच्या. एक दिवस देवकाच तिच्याकडे आली आणि म्हणाली, मावशी, माह्या आवाजानं कोणी उठत नाही. सकाळची बी तूच मारत जा, मग झोप. मावशीनं आढेवेढे घेतले नाहीत. त्या हंगामात पुन्हा पहाटे विहाराच्या कोपऱ्यावरून "चाला वोऽऽ" आलं. बाया निघायच्या, आणि ती त्यांना रस्त्याला लावून घरी येऊन पांघरूण घ्यायची. थकवा काही गेला नव्हता. "दोन हाका माराच्या, बाकी दिवस लोयाचा," असं ती सांगायची, म्हणजे उरलेला दिवस लोळण्याचा. सुकटीची चटणी मात्र आता हक्कानं मागायची.

तीन वर्षं सरली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मावशी, आता मला जरा बरं वाटतंय. मावशी म्हणाली, "मले बी वाटू लागलं असतं, पण सवय नाही राह्यली." त्याच्या पुढच्या थंडीत तिला खोकला लागला. असे खोकले आधी बरेच येऊन गेले होते, म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण तिनं नेलं नाही. नागपूरला छातीचा फोटो काढला, आजार फुप्फुसात पोचला होता. या जातीचा आजार परत येतो तेव्हा असाच, भराभर येतो, असं डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं. पुन्हा सलाइनं देऊन बघता येतील म्हणाल्या. मावशीनं एकदा घेतली आणि पुढची नको म्हणाली. मी खूप भांडले. ती ऐकून घेत राहिली आणि शेवटी म्हणाली, "थकली मी, नंदे."

यावेळी ती खरंच जात होती आणि भेटायला फारसं कुणी येत नव्हतं. गाव वाईट नव्हतं. लोकांचं निरोप घेणं एकदा होऊन गेलं होतं, ती एकदा जाता जाता राहिली होती, आताही राहील असं त्यांनी धरलं होतं. मी चिडून बोलले तर तीच त्यांची बाजू घ्यायची. "एक डाव भेटून झालं नं त्याइचं. किती डाव भेटतीन? त्याइले कामं नाही का?" बाज अंगणात आणली होती, उन्हाला. तिला बोलताना मध्ये थांबावं लागायचं.

सक्री रोज येत होती. मावशीला आता काठापर्यंत जाणं होत नव्हतं, म्हणून सक्रीच नाला ओलांडून यायची, पदराच्या गाठीतून गोळी काढायची, मावशीच्या बाजेसमोर उभी राहून तोंडात टाकायची, तांब्यातलं पाणी प्यायची आणि तोंड उघडून दाखवायची. मावशी वाकून बघायची, दात पण बघायची, आणि मग म्हणायची, जा. शेवटच्या आठवड्यात एकदा सक्री गेल्यावर तिनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं मुलाचं काही, सुनेचं काही सांगेल. ती म्हणाली, "सांजच्याला तिले एक हाक मारत जाशीन? आळशी आहे ते. मी नाही म्हणून सोडून देईन."

मी पांढरकवड्याला राहते, तिथून तुझ्या नाल्याला हाक कशी पोचेल, असं मी म्हटलं. म्हणताना मला हसू आणि रडू दोन्ही येत होतं. ती म्हणाली, "थे मी काय सांगू. तू शिकलेली आहेस."

ती गेली तेव्हा वेचणी चालू होती. सकाळी विहाराच्या कोपऱ्यावर बाया जमल्या, पण हाक कुणी मारली नाही, देवकानंही नाही. त्या दिवशी कुणी शेतात गेलं नाही. सक्रीनं मावशीच्या शेजारी बसून गोरबोलीत जो आक्रोश केला त्यातले शब्द मला कळले नाहीत, मधूनमधून येणारा "बाई" एवढा कळला. संध्याकाळी सगळं आटोपल्यावर मी तिला शोधलं आणि विचारलं, गोळी घेतली का. तिनं घेतली नव्हती. मी पाणी आणून दिलं. तिनं घेतली आणि सवयीनं तोंड उघडून दाखवलं. मला बघवलं नाही, पण मी बघितलं.

तेव्हा तांड्यावर मोबाइल नुकते आले होते. सक्रीच्या मुलाजवळ एक होता. आमचं असं ठरलं, की दिवेलागणीला मी मिस कॉल द्यायचा आणि गोळी घेतली की तिनं उलटा द्यायचा. उचलायचा नाही. पहिल्या महिन्यात तिचा मिस कॉल दोनदा आला नाही, तर मी पुन्हा पुन्हा वाजवत राहिले. शेवटी मुलानं उचलून कंटाळून सांगितलं, ताई, घेऊन राह्यली, पाणी पिऊन राह्यली. मग कधी चुकला नाही. लग्नाच्या मांडवात, निवडणुकीच्या ड्यूटीवर, ताप असताना, मी कुठेही असले तरी त्या वेळेला हात फोनकडे जायचा. नवऱ्यानं सुरुवातीला विचारलं, कुणाला वाजवतेस रोज? मी सांगितलं, मावशीचं काम आहे.

सक्रीची पाच वर्षं झाली तेव्हा मीच तिला घेऊन नागपूरला गेले. त्या डॉक्टरीणबाई आता तिथं नव्हत्या, दुसरे डॉक्टर होते. त्यांनी सगळं तपासलं, जुने कागद बघितले आणि म्हणाले, छान आहे, आता गोळी बंद करा. सक्रीचा चेहरा एकदम उतरला. मावशीचा दवाखान्याच्या पायरीवर उतरला होता, तसाच. बाहेर आल्यावर म्हणाली, "म्हणजे आता मला काहीच नाही?" मी म्हटलं, काहीच नाही, बरी आहेस. ती म्हणाली, बाई अशीच जगली का गं, काही न घेता, इतके दिवस? मी म्हटलं, अशीच जगली. बसमध्ये ती खिडकीशी बसली, पण या वेळी झोपली नाही.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन कुकर लावला, वह्या घेऊन बसले आणि दिवेलागणी झाली. आता वाजवायचं कारण उरलं नव्हतं. मी फोन उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि मिस कॉल दिला. बराच वेळ काही आलं नाही. भात झाला, मी गॅस बंद केला. मग तिचा मिस कॉल आला. अजूनही रोज येतो.